मेंदूत रक्तस्राव: घरातल्या पहिल्या दहा मिनिटांपासून घरी परत येईपर्यंत

‘पेशंटच्या डोक्यात गुठळी आहे,’ एवढं सांगून डॉक्टर पुन्हा आत जातात आणि आयसीयूच्या दारात उभं असलेलं घर त्या एका शब्दावर तासन्‌तास तर्क लढवत बसतं. शब्दच फसवा आहे. मराठीत आपण दोन अगदी उलट गोष्टींना गुठळी म्हणतो. रक्तवाहिनीच्या आत गुठळी अडकली की पुढच्या मेंदूला रक्त मिळत नाही. अर्धांगवायूचा जास्त आढळणारा प्रकार हाच. पण वाहिनी फुटली, रक्त बाहेर आलं आणि तिथे साकळलं, तर तीही गुठळीच. पहिल्या प्रकारात गुठळी विरघळवणारं औषध जीव वाचवतं, दुसऱ्यात तेच औषध जीव घेऊ शकतं. म्हणून कुणी ‘गुठळी’ म्हणालं की आधी विचारायचं: वाहिनीच्या आत की बाहेर?

हा लेख बाहेरच्या गुठळीबद्दल आहे. बोलताना आपण ‘नस फुटली’ किंवा ‘हॅमरेज झालं’ म्हणतो, ते हे. न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात नातेवाइकांना स्कॅन दाखवून समजावण्यात माझा बराच काळ गेला आहे. दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बाकीचं माणसं स्वतःच नीट जुळवून घेतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. रक्त नेमकं कुठे आहे? आणि ते अजून वाढतंय का? पुढचं सगळं या दोन प्रश्नांभोवती फिरतं.

आधी जागेचा हिशेब

कवटी हा बंद डबा आहे. त्यात साधारण ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के पाणी. हे पाणी म्हणजे मेंदूभोवती आणि त्याच्या आतल्या पोकळ्यांत खेळणारा स्वच्छ द्रव. मोठ्या माणसात एका वेळी तो सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाला जवळपास अर्धा लिटर नव्याने तयार होतो, तेवढाच शोषला जातो. डबा फुगत नाही. वाहिनी फुटून रक्त आत शिरलं, की आधीच्या तिघांपैकी कुणाला तरी जागा सोडावी लागते.

सुरुवातीला पाणी खाली मणक्याच्या पोकळीत सरकतं, शिरांमधलं रक्त पिळून बाहेर जातं. ही सवड असेपर्यंत दाब फारसा वाढत नाही. माणूस बोलतो, उठून चपला शोधतो, ‘काही नाही, जरा चक्कर आली’ म्हणतो. सवड संपली की मात्र पुढचे चार-दोन चमचे रक्तही दाब झपकन वर नेतं. ‘अहो, आत्ता तर बोलत होते!’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. ते खरंच असतं. तासाभरापूर्वी ते बोलत होते, कारण तेव्हा डब्यात थोडी जागा शिल्लक होती.

जागा संपल्यावर मेंदू खाली ढकलला जातो, कारण कवटीच्या तळाशी एकच मोठं भोक आहे. श्वास आणि जाग सांभाळणारा मेंदूचा देठ तिथेच असतो. आयसीयूत नर्स दर तासाला डोळ्यांत टॉर्च मारून पाहते ती याचसाठी. मेंदू खाली सरकताना बाहुली आकसवणारी मज्जातंतूची दोरी दाबली जाते आणि त्या बाजूची बाहुली मोठी होऊन उजेडाला दाद देईनाशी होते. त्या एका टॉर्चवर कधीकधी रात्री दोन वाजता ऑपरेशन ठरतं.

रक्त कुठे साठतं

बाहेरून आत येऊ.

कवटीच्या हाडाला लागून आत मेंदूचं जाड आवरण असतं. हाड आणि हे आवरण यांच्या मधला रक्तस्राव बहुतेक वेळा मारामुळे होतो. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटू शकते. धमनीचं रक्त जोरात येतं. या प्रकारातली घातक गोष्ट म्हणजे मधला बरा वाटण्याचा काळ. मार लागतो, क्षणभर भोवळ येते, मग माणूस अगदी ठीक होतो, आणि तासा-दोन तासांत कोसळतो. २००९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात स्की शिकताना अभिनेत्री नताशा रिचर्डसन पडल्या. त्यांना काही झालंय असं वाटलं नाही, आलेली अँब्युलन्स परत गेली, थोड्या वेळाने डोकं दुखू लागलं आणि दोन दिवसांनी त्या गेल्या. वय ४५. शवविच्छेदनात हाच रक्तस्राव निघाला. उलट वेळेत कवटी उघडून रक्त काढलं तर हा माणूस पूर्ण बरा होऊ शकतो, कारण मेंदू दाबला गेलेला असतो, अनेकदा फाटलेला नसतो.

जाड आवरणाच्या खाली साठणाऱ्या रक्ताचे दोन चेहरे आहेत. जोराच्या अपघातानंतर लगेच होणारा स्राव गंभीर असतो, कारण त्यात मेंदूलाही मार बसलेला असतो. दुसरा अगदी सावकाश. वयाबरोबर मेंदू किंचित आक्रसतो, त्यामुळे मेंदूपासून आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात. मग मोरीच्या कडेवर डोकं आपटणं किंवा गाडीत बसताना दाराला टेकणं एवढंही पुरतं. मारही विसरला जातो. तीन-चार आठवड्यांनी आजोबा अडखळत चालू लागतात, झोपाळू होतात, बोलण्यात गोंधळ घालतात, आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्या किंवा रोज दारू घेणाऱ्या माणसात हा प्रकार जास्त. माझं स्पष्ट मत आहे की आठवड्या-दोन आठवड्यांत बदललेल्या म्हाताऱ्या माणसाला विसराळूपणाचं लेबल लावण्यापूर्वी एक सीटी स्कॅन करायलाच हवा. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं वाढतो, महिन्याभरात नाही.

त्याखाली पातळ आवरण. त्याच्या आणि मेंदूच्या मधल्या पाण्यात मोठ्या धमन्या पसरलेल्या असतात. त्यांच्या फाट्यावर कधीकधी भिंत कमजोर होऊन बारीक फुगा येतो. शंभरातल्या सुमारे तीन मोठ्या माणसांच्या डोक्यात असा फुगा असतो आणि बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही. फुटला तर डोकं असं दुखतं की माणूस वेळ सांगतो: ‘मी नळ बंद केला आणि त्याच क्षणी.’ मायग्रेन चढत जातं. ही वेदना मिनिटभरात शिखरावर पोचते, सोबत उलटी, मानेचा ताठरपणा, कधी थोडी शुद्ध हरपणं. ‘आयुष्यात इतकं कधी दुखलं नव्हतं’ हे शब्द कानावर आले की गोळी देऊन झोपवायचं नाही, थेट इमर्जन्सी विभागात न्यायचं.

शेवटी मेंदूच्या गाभ्यातला रक्तस्राव, ज्याला लोक सरसकट ब्रेन हॅमरेज म्हणतात. याचं सर्वांत मोठं कारण उच्च रक्तदाब. मोठ्या धमनीतून काटकोनात निघालेल्या केसासारख्या बारीक फांद्या मेंदूच्या खोल भागात शिरतात. वर्षानुवर्षं वाढलेला दाब सोसून त्यांची भिंत कडक आणि ठिसूळ होते, आणि एक दिवस एक फांदी फुटते. म्हणूनच रक्तदाबाचे स्राव ठरलेल्या जागी होतात: खोलवरच्या केंद्रांत, मेंदूच्या देठात, लहान मेंदूत. वृद्ध माणसात पृष्ठभागाजवळ स्राव दिसला तर डॉक्टर वाहिन्यांच्या भिंतीत साठणाऱ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा विचार करतात. तरुण माणसात धमनी-शिरांचा जन्मजात गुंता शोधतात. यांपैकी कुठलंही रक्त मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत उतरलं तर पाण्याची वाट तुंबते आणि नवीच अडचण उभी राहते.

पहिला टप्पा: घरात

एका बाजूचा चेहरा ओघळला, हात वर धरता येईना, बोलणं जड किंवा असंबद्ध झालं, अचानक प्रचंड डोकं दुखून उलटी झाली, झोक जाऊ लागला, आकडी आली किंवा माणूस बेशुद्ध पडला, यातलं एकही पुरेसं आहे. ही वाहिनी तुंबल्याची लक्षणं की फुटल्याची, हे बाहेरून ओळखता येत नाही. अनुभवी डॉक्टरलाही नाही. ते फक्त स्कॅन सांगतो. त्यामुळे घरात निदान करत बसू नका.

अँब्युलन्सला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय चोवीस तास असलेलं रुग्णालय विचारा. वाट पाहताना माणसाला सपाट, सुरक्षित जागी ठेवा. उलटी होत असेल किंवा गुंगी असेल तर कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, गोळी नाही. गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते आणि घोटभर पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. पडून डोक्याला मार लागला असेल तर मान शक्यतो हलवू नका.

दोन चुका फार मायेने केल्या जातात. एक, ‘हार्टला चालते, मेंदूलाही चालेल’ म्हणून अ‍ॅस्पिरिन चघळायला देणं. स्राव चालू असेल तर रक्त साकळायची शरीराची धडपडच आपण हाणून पाडतो. दुसरी, यंत्रावर २०० दिसलं म्हणून बीपीची गोळी जिभेखाली ठेवणं. दाब खाली आणायचाच आहे, पण मोजूनमापून, शिरेतून, सतत पाहत. गोळीने तो धाडकन कोसळला आणि आजार मुळात वाहिनी तुंबण्याचा असेल, तर उरलासुरला रक्तपुरवठाही जातो.

मधुमेहाच्या माणसाची साखर घरच्या यंत्रावर जरूर पाहा. साखर फार उतरली तर हुबेहूब अर्धांगवायूसारखं चित्र दिसतं. ती कमी निघाली तर फोनवर लगेच सांगा.

निघताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या. शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं ती वेळ. ‘सकाळी सहाला पडलेले दिसले’ याला किंमत नाही, ‘रात्री अकराला स्वतः दार लावून झोपले’ याला आहे. मग आधीचे आजार. आणि सर्वांत महत्त्वाचं, चालू गोळ्यांची पाकिटं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तिचं नाव आणि शेवटची कधी घेतली ते. ‘ती पांढरी छोटी गोळी’ एवढ्यावर उतारा निवडता येत नाही.

दुसरा टप्पा: सीटी स्कॅन, आणि तो कसा पाहायचा

१९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. त्यामागचे अभियंते गॉडफ्री हाउन्सफील्ड यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं. त्याआधी डॉक्टरांना डोक्याच्या आतलं रक्त थेट दिसत नव्हतं, आज ते काही मिनिटांत दिसतं. साधा स्कॅन पुरतो, वाहिन्या उठून दिसण्यासाठीचा डाय टोचावा लागत नाही.

फिल्मवर हाड पांढरं, मेंदू करडा, पाणी काळं. ताजं रक्तही पांढरं दिसतं. हाडाला चिकटून भिंगासारखा फुगवटा असेल तर आवरणाबाहेरचं रक्त, मेंदूच्या कडेने चंद्रकोर पसरली असेल तर आवरणाखालचं. तळाशी जिथे काळं पाणी दिसायला हवं तिथे पांढरी चांदणी उमटली असेल तर फुटलेला फुगा मनात आणायचा. आणि गाभ्यात पांढरा गोळा म्हणजे मेंदूतला स्राव. आठवड्याभरानंतर रक्ताचा रंग उतरू लागतो, मेंदूइतकाच करडा होतो, मग काळपट. आजोबांच्या जुन्या चंद्रकोरीवरून नवख्याची नजर घसरते ती यामुळेच.

गोळा केवढा आहे हे काढायची एक सोपी रीत आहे. सर्वांत मोठ्या कापात लांबी मोजायची, तिला काटकोनात रुंदी, आणि किती काप व्यापलेत त्यावरून उंची. तिघांचा गुणाकार करून दोनने भागायचं. लांबी ५, रुंदी ४, उंची ३ सेंटिमीटर असेल तर ६० भागिले २, म्हणजे ३० मिलिलिटर. औषधासोबत येणारं ५ मिलिलिटरचं माप सहा वेळा भरा, एवढंच रक्त. पण ३० हा आकडा डॉक्टरांच्या लेखी उंबरठा आहे, त्यापुढे धोका चढत जातो. ‘किती एमएल आहे?’ हा प्रश्न तुम्ही बिनदिक्कत विचारा. ‘मोठं आहे का?’ यापेक्षा त्याचं उत्तर जास्त उपयोगी पडतं. पुढचा स्कॅन झाला की पुन्हा विचारा. दोन आकड्यांची तुलना म्हणजेच ‘वाढतंय का’ याचं उत्तर.

त्यासोबत एक गुणपत्रिकाही असते. १९७४ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी तयार केलेल्या या मापात डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ गुण. एकूण १५ म्हणजे पूर्ण जागा, ३ म्हणजे काहीच प्रतिसाद नाही. ८ किंवा त्याखाली गेल्यावर माणूस स्वतःचा श्वासमार्ग सांभाळू शकत नाही, म्हणून घशात नळी घालतात. व्हेंटिलेटर लावला म्हणजे सगळं संपलं, असा त्याचा अर्थ नव्हे.

फुग्याचा संशय असेल, किंवा वय आणि जागा पाहून काही वेगळं वाटत असेल, तर डाय टोचून वाहिन्यांचा स्कॅन होतो. डोकेदुखीनंतर पहिल्या सहा तासांत चांगल्या यंत्रावर केलेला साधा स्कॅन फुटलेला फुगा सहसा चुकवत नाही. त्यानंतर आलेल्या माणसाचा स्कॅन स्वच्छ असूनही संशय राहिला, तर कंबरेतून पाणी काढून त्यात जुन्या रक्ताचा पिवळेपणा शोधतात. या तपासणीला घाबरून नकार देणारे पुष्कळ, आणि मला त्याचं वाईट वाटतं. त्या सुईने लकवा होतो ही भीती निराधार आहे.

तिसरा टप्पा: पहिले काही तास, म्हणजे वाढ थांबवणं

मेंदूतला स्राव एका झटक्यात होऊन थांबतो असं पूर्वी मानत. पुन्हा पुन्हा स्कॅन करायला लागल्यावर दिसलं, की लवकर आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश रुग्णांत गोळा पुढच्या काही तासांत चांगलाच मोठा होतो. आधी मेलेला भाग परत आणता येत नाही, पण ही वाढ रोखता येते. पहिल्या तासांची सगळी धावपळ त्यासाठीच असते.

रक्तदाब आधी. वरचा आकडा १५० ते २२० च्या दरम्यान असेल तर तो शिरेतल्या औषधाने १४० च्या आसपास आणतात, आणि १३० ते १५० या पट्ट्यात स्थिर ठेवतात. त्याखाली ओढण्यात फायदा नाही, मूत्रपिंडालाही त्रास होऊ शकतो. वेळही तितकीच महत्त्वाची. लक्षणं सुरू झाल्यापासून दोन तासांत औषध सुरू आणि तासाभरात दाब पट्ट्यात, असं झालं तर उत्तम. म्हणूनच ती शेवटची ठणठणीत वेळ हवी होती.

मग रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवरचा उतारा. त्यांपैकी वॉर्फरिनवर असलेल्या माणसाला व्हिटॅमिन के शिरेतून, पण ते काम करायला तास लागतात, म्हणून सोबत गोठण घटकांचं तयार मिश्रण. डाबिगट्रानला इडारुसिझुमॅब हा स्वतंत्र उतारा आहे. अपिक्साबॅन आणि रिव्हारॉक्साबॅनसाठीही उपाय आहेत. अ‍ॅस्पिरिनवर मात्र सरळ प्लेटलेट चढवणं बरोबर नाही. २०१६ च्या एका चाचणीत ऑपरेशन न होणाऱ्या रुग्णांचं त्यामुळे नुकसानच झालं. प्लेटलेट देणारे नातेवाईक रांगेत उभे असतात आणि डॉक्टर नको म्हणतात, तेव्हा त्यात हलगर्जीपणा नसतो.

डोक्यातला दाब चढत असेल तर डोक्याकडचा पलंग ३० अंश वर, आणि मेंदूची सूज उतरवणारं मॅनिटॉल किंवा तीव्र सलाइन. स्टेरॉइडचा या स्रावात उपयोग नाही. आकडी आली तर औषध देतात. आली नसताना ‘राहू दे’ म्हणून सुरू केलेल्या गोळ्या मेंदूच्या स्रावात विशेष काही साधत नाहीत.

चौथा टप्पा: ऑपरेशन करायचं की नाही

‘रक्त आहे ना आत? मग काढत का नाही?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि उत्तर जागेवर अवलंबून आहे.

आवरणाबाहेरचा मोठा स्राव म्हणजे तातडीने कवटी उघडणं, यात चर्चा नसते. जुन्या चंद्रकोरीसाठी कवटीला एक-दोन भोकं पाडतात. आतून मशीनच्या जुन्या तेलासारखा काळपट द्रव येतो, एक-दोन दिवस नळी ठेवतात आणि कित्येकदा आजोबा दुसऱ्या दिवशी नातवाला नावाने हाक मारतात. न्यूरोसर्जरीत इतका सरळ आनंद क्वचित मिळतो. दहा ते वीस टक्क्यांमध्ये रक्त पुन्हा साठतं, हे आधीच माहीत असावं. आवरणाला रक्त पुरवणारी धमनी कॅथेटरने बंद केली तर ते प्रमाण घटतं, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दिसलं.

लहान मेंदूतला गोळा तीन सेंटिमीटरहून मोठा असेल, माणूस मंदावत असेल किंवा पाण्याची वाट तुंबली असेल, तर ऑपरेशनला उशीर करायचा नसतो. तिथे देठ अगदी शेजारी असतो.

मेंदूच्या गाभ्यातल्या खोल स्रावात मात्र चित्र अवघड आहे. तिथे पोचायला वरचा चांगला मेंदू भेदावा लागतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत लवकर ऑपरेशन आणि फक्त औषधं यांत एकूण फरक दिसला नाही. २०२४ मध्ये बारीक नळीतून रक्त ओढून घेण्याच्या पद्धतीने पृष्ठभागाजवळच्या ३० ते ८० मिलिलिटरच्या स्रावात पहिल्या २४ तासांत चांगला निकाल दाखवला, खोल स्रावात नाही. तेव्हा ‘ऑपरेशन नको’ म्हणणारा सर्जन प्रत्येक वेळी हात झटकत नसतो. त्याला विचारा: ऑपरेशनने जीव वाचेल, की हातापायाची ताकद परत येईल? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक वेळा ऑपरेशन पहिलीच देऊ शकतं.

दाब आवरेना तर कवटीचा मोठा तुकडा काढून मेंदूला फुगायला जागा देतात. तो तुकडा अतिशीत पेटीत किंवा रुग्णाच्या पोटाच्या त्वचेखाली जपून ठेवतात आणि काही आठवड्यांनी-महिन्यांनी परत बसवतात. तोवर त्या बाजूने झोपवायचं नाही, उभं राहताना हेल्मेट.

पोकळीत पाणी तुंबलं तर बारीक नळीने ते बाहेरच्या पिशवीत काढतात. या नळीबद्दल एक गोष्ट रुग्णाजवळ बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. तिची पातळी कानाच्या भोकाशी जुळवलेली असते. ‘बाबांना जरा वर करते’ म्हणून कुणी पलंग उचलला की नळी एकदम जास्त पाणी खेचते. पलंगाच्या बटणाला हात लावण्यापूर्वी नर्सला हाक मारा.

फुटलेल्या फुग्याची वेगळी वाट

फुगा एकदा फुटून रक्ताने तात्पुरता बंद झालेला असतो. पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक, आणि दुसरा फटका बहुधा जीवघेणा. म्हणून शक्य तितक्या लवकर तो बंद करतात. एक मार्ग कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावायचा. १९३७ मध्ये वॉल्टर डँडी यांनी असा चिमटा पहिल्यांदा लावला. दुसरा मार्ग मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून तार वर नेऊन फुग्यात प्लॅटिनमची वेटोळी भरायची. कुठला निवडायचा हे फुग्याच्या जागेवर आणि मानेच्या रुंदीवर ठरतं.

फुगा बंद झाला की नातेवाईक सुटकेचा श्वास सोडतात. खरी परीक्षा पुढे आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत सांडलेल्या रक्ताने चिडलेल्या धमन्या आवळू शकतात आणि बरा होत असलेला माणूस अचानक लुळा पडतो. यासाठी निमोडिपीन २१ दिवस देतात, दर चार तासांनी, रात्री दोनलाही उठवून. त्या डोसला ‘झोपू दे बिचारीला’ म्हणायचं नाही.

पाचवा टप्पा: आयसीयूतले दिवस

मेंदूत स्राव झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के महिन्याभरात दगावतात. हा आकडा मी लपवत नाही. पण पहिल्याच दिवशी, पहिल्याच स्कॅनवरून ‘आता काही करू नका’ हे ठरवणंही घाईचं. पहिल्या दिवशी वर्तवलेलं भविष्य बऱ्याचदा चुकतं, आणि उपचार आखडता घेतले की ते भविष्य स्वतःला खरं करून दाखवतं. रुग्णाने आधी स्वतःची स्पष्ट इच्छा सांगितली नसेल तर असा निर्णय निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत थांबवावा, असं मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात.

रोज भेटीच्या वेळी चार प्रश्न पुरेत. आज गुण किती? कालपेक्षा गोळा वाढला का? ताप आहे का? गिळण्याची तपासणी झाली का? ही तपासणी होईपर्यंत घरून आणलेला एक चमचाही भरवू नका. पायात गुठळी होऊ नये म्हणून पोटऱ्यांना हवा भरणारे पट्टे पहिल्या दिवसापासून लावतात, तेही लागलेत का पाहा.

सहावा टप्पा: घरी

स्थिर झाल्यावर, पहिले २४ तास उलटले की व्यायाम सुरू होतो. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, नंतर मंदावते, थांबत नाही. उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका. सैल झालेला खांदा निखळतो आणि मग ते दुखणं व्यायामच बंद पाडतं. काखेखाली आधार द्या. बोलता न येणाऱ्याला बहुधा बरंच समजत असतं, तेव्हा त्याच्या देखत त्याच्याबद्दल बोलू नका. हो-नाहीत उत्तर येईल असे छोटे प्रश्न विचारा आणि थांबा. नेहमीपेक्षा जास्त थांबा. महिना-दोन महिन्यांनी माणूस गप्प, चिडका, रडवेला झाला तर तो नैराश्याचा आजार असू शकतो, त्याला औषध आहे.

रक्तदाबाचं लक्ष्य आता १३०/८० च्या खाली. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब १९४४ च्या मार्चमध्ये १८६/१०८ नोंदला गेला होता. पुढच्या वर्षी १२ एप्रिलला डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय म्हणत ते कोसळले आणि काही तासांत गेले. तेव्हा दाबावर धड औषधच नव्हतं. आज आहे, आणि ‘बीपी नॉर्मल आलं म्हणून बंद केली’ हे कारण ऐकलं की मला हताश व्हायला होतं. नॉर्मल आलं ते गोळीमुळेच. दंडाला पट्टा बांधायचं यंत्र घ्या, पाच मिनिटं बसून सकाळ-संध्याकाळ मोजा, वहीत लिहा. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. तंबाखू बंद, दारू बंद.

हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी किंवा कृत्रिम झडपेसाठी रक्त पातळ करणारी गोळी आधी चालू असेल तर ती परत कधी सुरू करायची, हे दुकानदार किंवा शेजारी ठरवू शकत नाही. अनियमित ठोक्यांत ती काही आठवड्यांनी सुरू करता येते. धातूच्या झडपेला त्याहून लवकर लागते. स्राव अमायलॉइडचा असेल तर कदाचित कधीच नाही. न्यूरो आणि हृदयाच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून दिलेली तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. डोकेदुखीला परस्पर ब्रुफेनसारख्या गोळ्याही नकोत.

फुग्याचा आजार असलेल्या घरात आणखी एक काम उरतं. आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी दोघांना किंवा अधिकांना फुगा निघाला असेल, किंवा मूत्रपिंडात अनेक पाणगाठी होण्याचा आनुवंशिक आजार घरात असेल, तर बाकीच्यांनी एमआरआयने वाहिन्या तपासण्याबद्दल न्यूरो डॉक्टरांना विचारावं. एकालाच झाला असेल तर सहसा गरज नसते.